शस्त्रक्रियेनंतरचे ताट

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या व्याख्यानमालेत एक दिवस आरोग्यासाठी राखलेला असतो आणि त्या दिवशी डॉक्टर बोलतात, असा प्रघात आहे. यंदा कार्यकारिणीने हे काम आम्हाला सांगितले. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेत लिपिक. तरी होकार दिला. साडेतीन वर्षांपूर्वी आमच्यावर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून वसाहतीतील निदान सात-आठ घरांतील मंडळींनी आम्हाला जिन्यात गाठून हळू आवाजात विचारले आहे, 'खर्च किती आला? त्रास होतो का?' हळू आवाजात विचारलेल्या या प्रश्नांना एकदा मोठ्याने उत्तर द्यावे, एवढाच आजचा हेतू.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. आमच्यावर झाली ती 'गॅस्ट्रिक बायपास'. बायपास म्हणताच वसाहतीत वार्ता फिरली की आमचे हृदय बिघडले. पुढे वजन झपाट्याने उतरू लागले तेव्हा दुसरी वार्ता निघाली, ती कर्करोगाची. दोन्ही वार्ता निराधार होत्या. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाची सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी, म्हणजे खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणे म्हणा ना, वेगळी करतात आणि ती लहान आतड्याला पुढच्या बाजूस जोडतात. दुसरा प्रकार 'स्लीव्ह'चा. त्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. पहिली गॅस्ट्रिक बायपास डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात केली. आता ती बहुधा दुर्बिणीने, पोटाला चार-पाच छिद्रे पाडून होते. यापलीकडचे डॉक्टरांना विचारावे.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी, हे मात्र सांगितले पाहिजे, कारण पाच-दहा किलो वजन जास्त असलेले तरुणही चौकशी करतात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. येईल त्या आकड्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. आमची उंची १.६५ मीटर आणि वजन ११८ किलो होते. भागाकार ४३ च्या वर आला. जोडीला मधुमेह होता, रात्री घोरताना श्वास अडकत होता आणि एक जिना चढताना दोन वेळा थांबावे लागे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत या शस्त्रक्रियेसाठी अटी सांगितल्या आहेत. त्यात वय १८ किंवा अधिक, आकडा ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत गंभीर आजार, हे येते. पॉलिसी काढताना हे कलम वाचून घ्यावे. बँकेतला माणूस असल्यामुळे एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता मुख्य विषयाकडे येऊ.

संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात द्रोणपाक सुत्त आहे. कोसलनरेश प्रसेनजित द्रोणभर भाताचे जेवण करून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही, त्याला दोषही दिला नाही. जो जागरूक राहून अन्नाची मात्रा ओळखतो त्याच्या वेदना हलक्या होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा तेवढी म्हटली. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले, ही गाथा पाठ कर आणि माझ्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हण, रोज शंभर कार्षापण देईन. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर सडपातळ झाले.

हे सुत्त अनेकदा कानावर आले होते, पण शस्त्रक्रियेनंतर ते निराळे वाटू लागले. राजाला उपदेश पटला होता. तरी तो स्वतःच्या आठवणीवर विसंबला नाही. त्याने पगार देऊन एक माणूस मागे उभा केला. शस्त्रक्रिया म्हणजे असाच पोटात बसविलेला सुदर्शन आहे. फरक एवढाच की हा सुदर्शन कायमचा नोकर नाही. पहिले वर्ष-दीड वर्ष भूक जवळजवळ नसते, चार घासांत पोट भरते. पुढे भूक परत येते आणि ती पिशवीही थोडे अधिक सामावून घेऊ लागते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात हेच दिसले. एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली जाते, मग काहीसे वर येते. बायपास झालेल्यांचे वजन दहा वर्षांनंतर मूळ वजनाच्या सुमारे २५ टक्के कमी राहिलेले आढळले. आमचे वजन दीड वर्षाने ७९ किलो झाले होते, आज ८३ आहे. मधुमेहाचे इन्सुलिन मात्र रुग्णालयातून घरी आल्यावर काही आठवड्यांतच सुटले, वजन उतरायच्याही आधी. ते आजवर पुन्हा लागलेले नाही. तपासणी चालूच आहे.

जेवणाचे सांगतो. सुरुवातीला नुसते पाणी आणि गाळलेले सूप, मग पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी साधे अन्न. ते दिवस निघून जातात. अवघड जाते ते पुढचे. एका जेवणाला अर्धा तास लागतो. घास अंगठ्याच्या नखाएवढा आणि तो लापशी होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. पाणी अर्ध्या तासानंतर, तेही घोट घोट. घाई झाली तर छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखे वाटते आणि घास परत येतो. जाड कोरडी भाकरी आणि फडफडीत भात यांनी हे फार होते. म्हणून ताटात आधी प्रथिने घ्यायची, म्हणजे अंडे, मासळी, कोंबडी, घट्ट वरण, दही, पनीर. जागा उरली तर भाकरीचा चतकोर. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. डबाबंद प्रथिनांच्या पावडरी महाग असतात. शस्त्रक्रियेचे कर्ज फिटत नाही तोवर त्या परवडण्यासारख्या नव्हत्या. अंडी, सुकट आणि मसूर यांनी आमचे भागले, आणि सुकटीला नाक मुरडणाऱ्यांनी ती पौष्टिक आहे हे ध्यानात घ्यावे. बँकेत दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची. सहा वेळा थोडे थोडे खायचे तर काउंटरखाली डबा ठेवून, दोन ग्राहकांच्या मध्ये दोन घास, असे करावे लागते. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी ते चालवून घेतले, याबद्दल त्यांचे ऋण मानतो.

गोडाचा विषय आपल्या समाजासाठी नाजूक आहे. बायपासनंतर साखर आतड्यात एकदम उतरते. मग छाती धडधडते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, जुलाब होतात. याला 'डंपिंग' म्हणतात. वैशाख पौर्णिमेला विहारात खीर वाटतात. सुजातेच्या खिरीची ती आठवण. तिला नाही म्हणणे जिवावर येते. पहिल्या वर्षी एका वयोवृद्ध उपासिकेने द्रोण पुढे केला आणि आम्ही हात जोडले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. 'एवढे शिकलात म्हणून आता खीरही चालत नाही का?' असे त्या म्हणाल्या. आम्ही तेथेच जमिनीवर बसून त्यांना सगळे समजावून सांगितले. आता त्या दरवर्षी आमच्यासाठी बिनसाखरेचे दूध वेगळे काढून ठेवतात. मंगल परिणय असो, नामकरण असो, पुण्यानुमोदनाचे जेवण असो, पंगतीत आग्रह होतोच. आग्रह करणाऱ्याचा राग मानू नये, आणि आग्रह मोडवत नाही म्हणून खाऊही नये.

या आग्रहामागे काय आहे ते आम्हाला घरातच कळले. आमच्या मातोश्रींनी १९७२ चा दुष्काळ सोसला आहे. वयाच्या सतराव्या वर्षी खडी फोडायला जाणे, कामावर मिळणारी सुकडी पदराला बांधून धाकट्या भावंडांसाठी घरी आणणे, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, हे त्यांच्या तोंडून ऐकत आम्ही वाढलो. त्यांच्या लेखी अंगावर मांस असणे म्हणजे घरात धान्य असणे. मुलगा जाड झाला याचा त्यांना अभिमान होता. अशा बाईसमोर तिच्या मुलाने चार घासांत ताट बाजूला सारायचे! पहिले कित्येक महिने त्यांनी आमचे उरलेले अन्न उचलले आणि स्वयंपाकघरात जाऊन खाल्ले. टाकवत नाही, म्हणाल्या. ज्यांच्या वाडवडिलांनी गावकीच्या शिळ्यापाक्या तुकड्यांवर दिवस काढले, त्यांच्यातील एका आईने मुलाचे उष्टे खावे, हे आम्हाला पाहवत नसे. म्हणून आम्ही नातवाची वाटी आणि नातवाचे ताट घेतले. वाढून घेतानाच कमी घ्यायचे, म्हणजे उरणारच नाही. मातोश्रींची समजूत पुरती पटलेली नाही. अजूनही जेवण झाले की त्या विचारतात, 'झालं? एवढंच?'

विद्यार्थ्यांनी एक लक्षात घ्यावे. बाबासाहेबांनी लंडनला अर्धपोटी राहून अभ्यास केला हे आपण जाणतो. त्याच बाबासाहेबांना उत्तरायुष्यात मधुमेहाने ग्रासले होते, हे आपण क्वचितच सांगतो. उपासमार आणि मधुमेह ही दोन टोके आपल्या समाजात आजी आणि नातू एवढ्या अंतरावर आली आहेत.

गोळ्यांबद्दल कडक बोलणार आहे. बायपासनंतर जीवनसत्त्वे आणि क्षार नीट शोषले जात नाहीत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हे जन्मभर घ्यावे लागते. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, मध्ये दोन तासांचे अंतर हवे. पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी रक्ततपासणी, नंतर वर्षातून एकदा तरी. बरे वाटते म्हणून आणि पैसे वाचतात म्हणून लोक गोळ्या बंद करतात. दोन वर्षे काही होत नाही, मग पायांना मुंग्या, रक्तक्षय, विसरभोळेपणा सुरू होतो. उशीर झाला तर नसांचे नुकसान पुरते भरूनही येत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च जमेस धरताना पुढच्या वीस वर्षांच्या गोळ्या आणि तपासण्या त्यात धराव्यात, नाहीतर त्या वाटेला जाऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर थेट रुग्णालय गाठावे; थायमिन कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. दाढ दुखली, गुडघा दुखला म्हणून दुकानातून ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेऊ नये, पिशवीच्या जोडाशी व्रण होतो. कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य हेच असावे की आमची बायपास झाली आहे. भगिनींनी आणखी एक ध्यानात ठेवावे की पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते. वजन उतरले की ती सुलभ होते, म्हणून काळजी जास्त घ्यायची. लग्न ठरवताना शस्त्रक्रिया लपवू नये.

पंचशीलातील पाचव्या शीलाचे महत्त्व येथे सर्वांना ठाऊक आहे, आणि ते किती पाळले जाते हेही ठाऊक आहे. बायपास झालेल्याला दारू लवकर चढते आणि जास्त चढते. दुसऱ्या वर्षानंतर काहींना तिचे व्यसन लागल्याचे अभ्यासांत आढळले आहे. त्यात पूर्वी फारसे न पिणारेही असतात. दुःख झाले की पूर्वी ताटाकडे जाणारा हात आता ताटाकडे जाऊ शकत नाही, तो दुसरे काही शोधतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थाचे असे झाले. वजन पन्नास किलो उतरले, सर्वांनी कौतुक केले आणि संध्याकाळी तो कोठे बसतो हे कोणी पाहिले नाही. आज तो व्यसनमुक्तीचे उपचार घेत आहे.

शरीराचेही थोडे सांगतो. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात. घाबरू नये, बहुतेकांचे परत येतात. कातडी लोंबते, पावसाळ्यात घड्यांत ओल राहून खाज सुटते, पावडर लावावी लागते. शर्टाच्या आत काय आहे हे कोणाला दिसत नाही. बँकेत ग्राहकाचा फोटो आणि चेहरा पडताळून पाहण्याचे काम आमचे; पण आमच्याच ओळखपत्रावरचा माणूस दुसरा वाटू लागला तेव्हा सुरक्षारक्षकाने हसून अडवले होते. मन मात्र मागे राहते. एस.टी.त तिघांच्या बाकावर दोघे बसलेले असले तर आम्ही अजूनही उभेच राहतो, मावणार नाही असे वाटते. आणि एक गोष्ट खुपते. पूर्वी ज्यांनी आमच्या पोटावर विनोद केले तेच आज आदराने बोलतात. माणूस तोच, काम तेच, सही तीच. एका नजरेत माणसाची किंमत ठरविणे काय असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. निदान आपल्या वसाहतीत तरी जाड मुलांना टोपणनावे ठेवू नयेत. परवा शाळकरी पोरांच्या खेळात एक ऐकले म्हणून बोललो.

वजन उतरविण्याची इंजेक्शने आता निघाली आहेत; मौंजारो आणि वेगोव्ही ही २०२५ साली भारतात आली. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची आणि बंद केली तर उतरलेले वजन बरेचसे परत येते. तिथेही सुदर्शनाला पगार द्यावा लागतोच.

संस्थेला एक विनंती करून थांबतो. १४ एप्रिलच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनात लहान ताटांचा एक गठ्ठा ठेवावा आणि पंगतीत उकडलेली अंडी किंवा घट्ट वरण आधी वाढावे; मधुमेहींनाही ते सोयीचे पडेल. आमच्या तपासण्यांचे कागद आणि गोळ्यांच्या पावत्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, कोणीही पाहू शकता. प्रश्न मोठ्याने विचारावेत. आमची कॅल्शियमची वेळ साडेसातची आहे, तोवर आम्ही इथेच आहोत. जयभीम.