आधी दवाखाना, मग कागद

आज मी माजी सैनिकांच्या घरांशी बोलणार आहे, आणि त्यातही घरातल्या बायकामुलांशी जास्त.

१ एप्रिल २००३ पासून आपल्याकडे माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू आहे. आपण सगळे तिला ईसीएचएस म्हणतो. एकदाच वर्गणी भरायची, की निवृत्त सैनिकाला, त्याच्या पत्नीला आणि नियमांत बसणाऱ्या अवलंबून मुलांना, आईवडिलांना उपचार मिळतात. नेहमीचा रिवाज तुम्हाला पाठ आहे. पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, डॉक्टरांना दाखवायचं, गरज असेल तर रेफरल घेऊन लष्करी रुग्णालयात किंवा योजनेच्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलात जायचं. गुडघेदुखी, मोतीबिंदू, साखरेच्या गोळ्या यांसाठी हाच रस्ता.

पण छातीत कळ येते ती रात्री दोनला. पॉलिक्लिनिक बंद असतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "रेफरल नाही, दाखल कोण करून घेणार? सकाळी बघू." मंडळी, ही सकाळ फार महागात पडते. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली, की मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत जातो. मेंदूत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला, तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की घड्याळ सुरू झालं असं समजा.

म्हणून पहिला नियम नीट ऐका. जीवावर बेतलं असेल तर रेफरल लागत नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, श्वास कोंडणं, पोटातली अचानक असह्य कळ, मोठा अपघात, विषबाधा, सर्पदंश, उष्माघात ही सगळी इमर्जन्सी. १०८ ला फोन करा आणि जवळचं, सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.

ते हॉस्पिटल पॅनेलवरचं असेल, तर काउंटरवर ईसीएचएसचं कार्ड दाखवा. पॉलिक्लिनिकला ऑनलाइन कळवणं हे हॉस्पिटलचं काम. नियमात बसणाऱ्या उपचारांसाठी तुमच्याकडे पैसे मागायचे नाहीत, असं बंधन त्यांच्यावर आहे. वॉर्ड मात्र हुद्द्याप्रमाणे मिळतो: हवालदारापर्यंत जनरल, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. वरचा वॉर्ड मागून घेतलात, तर फरक तुमच्या खिशातून जाईल.

जवळचं हॉस्पिटल पॅनेलवर नसेल तरी थांबू नका, दाखल करा. इथे बिल आधी तुम्हाला भरावं लागतं, आणि कळवण्याची जबाबदारीही तुमची. ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. फोनवर पाच गोष्टी सांगा: पेशंटचं नाव, कार्डाचा नंबर, हॉस्पिटल कोणतं, कधी दाखल केलं, डॉक्टर काय म्हणाले. फोन कुणी घेतला, किती वाजता, हे वहीत लिहून ठेवा. नुसत्या फोनवर विसंबू नका, लेखीही कळवा. घरी सोडताना डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे रिपोर्ट, मूळ बिलं आणि पावत्या मागून घ्या. इमर्जन्सी होती असं डॉक्टरांचं प्रमाणपत्रही विसरू नका, कारण परताव्याचा दावा त्यावर उभा राहतो. परतावा सरकारी, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या (सीजीएचएस) दरांनी मिळतो, त्यामुळे बिल मोठं असेल तर सगळी रक्कम परत येईलच असं नाही. पेशंटची तब्येत स्थिर झाली, की पॅनेलवरच्या किंवा लष्करी रुग्णालयात हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

एक मात्र सांगायला हवं. दोन दिवसांचा ताप, दातदुखी, जुनी कंबरदुखी यांना इमर्जन्सी म्हणून दाखल होऊ नका. दावा नामंजूर होतो.

हे सगळं सुभेदारसाहेबांना माहीत असतं. कार्ड कुठे आहे, पॉलिक्लिनिकचा नंबर काय, पॅनेलवर कोणती हॉस्पिटलं आहेत, सगळं त्यांच्या डोक्यात. आणि त्या रात्री स्ट्रेचरवर बहुतेक वेळा तेच असतात. बाहेर उभी असते त्यांची पत्नी, सून किंवा कॉलेजातली नात, आणि तिला काहीच ठाऊक नसतं. वीरपत्नींच्या आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरी तर विचारायलाही कुणी नसतं.

तेव्हा माजी सैनिक बांधवांनो, माझी एकच विनंती. आज जेवणं झाली की घरच्यांना जवळ बसवा. सगळ्यांची कार्डं एका ठिकाणी ठेवा आणि ती जागा प्रत्येकाला दाखवा. पॉलिक्लिनिकचा नंबर आणि जवळच्या दोन पॅनेलवरच्या हॉस्पिटलांची नावं जाड अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. शेजारच्या गल्लीत एखादी वीरपत्नी राहत असेल, तर तिच्याही घरी तसाच कागद लावून या. ही उपचारांची सोय तुम्ही देशासाठी केलेल्या नोकरीतून मिळवली आहे. ती वेळेवर हाती पडावी, एवढी तयारी घरच्यांची करून ठेवा.