काही काम नसताना

(महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपला भुईकोट किल्ला आतून पाहिलेल्या किती जणी इथं आहेत? जरा हात वर करा बघू. फारच थोडे हात दिसतायत. यातल्या कितीतरी जणी नगर शहरातच जन्मल्या, कितीतरी लग्न होऊन वीस-पंचवीस वर्षं इथं नांदतायत. मी तुम्हाला हसत नाही. मी स्वतः याच जिल्ह्यातली. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, दहा वर्षं वस्त्यांमधून हिंडते आहे. पण चांदबिबीचा महाल मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, सरांच्या मागं रांगेनं. दुसऱ्यांदा गेले ती आमच्या गटातल्या बायकांबरोबर. त्या दुसऱ्या खेपेबद्दल मला आज बोलायचंय.

२०२४ साली आपल्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. त्यावर चौकाचौकात, पारापारावर पुरुषांनी खूप वाद घातला. आमच्या गटाच्या बैठकीत भाजी विकणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "गावाला बाईचं नाव दिलं, बरं झालं. पण हे गाव आपण कधी बघितलं का गं?" सगळ्या गप्प झाल्या. मग आम्ही मोजायला लागलो, आपण कुठं कुठं जातो. बाजार, दवाखाना, रेशनचं दुकान, मुलांची शाळा, माहेर, नवरात्रात केडगावची देवी. प्रत्येक रस्त्याला एक काम चिकटलेलं. काही काम नसताना, नुसतं बघायला म्हणून कुणीच कुठं गेलेली नव्हती.

जायचं ठरलं. तेवीस जणींनी नावं दिली. निघायच्या दिवशी आल्या सोळा. एकीच्या सासूनं विचारलं, "तिथं तुझं काय काम?" याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. आलेल्यांतल्या निम्म्या "ताईंची मीटिंग आहे" असं सांगून आल्या होत्या. त्यांना मी काय बोलणार? संस्थेच्या रजिस्टरमध्ये मीही "प्रशिक्षण सहल" असंच लिहिलं होतं. बायका फिरायला गेल्या, एवढं साधं वाक्य लिहायला माझाही हात धजला नाही.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून ओळखपत्र बरोबर आणायला सांगितलं होतं. तिघींनी आणलं नाही. त्यांचं आधारकार्ड नवऱ्याच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली नवऱ्याच्या खिशात. एक तर म्हणाली, "मागितलं असतं तर कशाला पाहिजे ते सांगावं लागलं असतं." मतदानाच्या दिवशी तिला कार्ड मिळतं, संध्याकाळी ते परत जातं. मैत्रिणींनो, आपण हक्कांची शिबिरं घेतो. आपलं ओळखपत्र कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मी दहा वर्षांत एकदाही विचारला नव्हता. त्या तिघी बाहेर थांबल्या आणि त्यांच्या सोबतीला म्हणून आणखी दोघी.

किल्ला म्हटलं की आपल्याला पंडित नेहरू सांगतात. १९४२ ते १९४५ ते इथं कैदेत होते, 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी इथंच लिहिलं. ती खोली बायकांनी पाहिली. पण त्या रेंगाळल्या तटावर. १५९५ च्या डिसेंबरात मोगल शाहजादा मुराद याच्या फौजेनं या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगानं तट फोडला, तेव्हा चांदबिबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभारून घेतली. एकीनं विचारलं, "मग जिंकली का?" मी खरं ते सांगितलं. तेव्हा मोगलांना तह करून परतावं लागलं, मात्र वऱ्हाड द्यावा लागला. पुढं १६०० साली, मोगलांचा दुसरा वेढा पडलेला असताना, ती शत्रूला सामील झाली अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. धुण्याभांड्याची कामं करणारी एक जण हळूच म्हणाली, "बाईवर आळ घ्यायला काय लागतंय?" त्यावर कुणी काही बोललं नाही.

तिथून दमडी मशिदीत गेलो. १५६७ सालचं हे बांधकाम. दगडावरचं कोरीवकाम बघत राहावं असं. किल्ल्यावरच्या मजुरांच्या मजुरीतली एकेक दमडी साठवून ती बांधली, अशी गोष्ट सांगतात. आमच्यातल्या दोघी बिगारी काम करतात. त्यांनी दगडांवरून हात फिरवला. एक म्हणाली, "आमच्या मुकादमाला दाखवली पाहिजे. तोबी कापतोय, पण कशाचं काय उभं केलेलं नाही!" आम्ही पोट धरून हसलो.

नावाची गोष्ट निघाली म्हणून मी मुलूखमैदान तोफेबद्दल सांगितलं. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे, पण ओतली इथं, नगरला, १५४९ साली. ओतणारा महंमद रूमी. रूमी म्हणजे तुर्की मुलखातला. एवढ्या लांबून आलेल्या कारागिराचं नाव तोफेवर कोरलेलं आहे आणि पावणेपाचशे वर्षांनी आपण ते वाचतो.

आता बाईच्या नावाचं काय होतं ते बघा. दुपारी शहा डोंगर चढून महालावर गेलो. आपण त्याला चांदबिबीचा महाल म्हणतो, पण तो महालही नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. आणि चांदबिबीची आई? तिचं नाव खुंजा हुमायून. १५६५ साली हुसेन निजामशहा वारल्यावर मुलगा मुर्तजा लहान, म्हणून काही वर्षं राज्याचा कारभार तिनं चालवला. पुढं त्याच मुलानं तिला कैदेत टाकलं. हुसेनशहाच्या गौरवाची 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यात राजाशेजारी राणीही रंगवली होती. पुढं बहुतेक चित्रांमधून राणी तेवढी पुसून टाकली गेली. मुलाशी बिनसल्यावर हे झालं असावं, असं अभ्यासक मानतात.

त्या चित्राची झेरॉक्स मी नेली होती. राजा दिसतो, शेजारी नुसता डाग. सगळ्यांनी तो कागद हातोहात फिरवून पाहिला. मावशी म्हणाल्या, "पुसली तरी जागा राहिलीच की."

आता गैरसोयीचं सांगते, नाहीतर सहल फार गोड वाटेल. बाहेर बाईला जायची सोय कुठं मिळेल याची खात्री नाही, म्हणून बहुतेकींनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. एकीला डोंगरावर चक्कर आली. पुरुष दोन-दोन बाटल्या पाणी पिऊन गाव बघतो आणि बाई तहानलेली बघते.

आणि संध्याकाळ. एकीला नवऱ्यानं घरात घेतलं नाही. "जिथं हिंडत होतीस तिथंच जा." ती माझ्याकडे आली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला की उगाच नेलं हिला. रात्री नऊ वाजता आम्ही अकरा जणी तिच्या दारात जाऊन बसलो. भांडण केलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. शेजारपाजार जमला. तिच्या सासऱ्यांनी विचारलं, "कुठं गेला होता तुम्ही?" तेव्हा तीच पुढं झाली आणि म्हणाली, "मामा, आम्ही किल्ला बघायला गेलो होतो." मीटिंग नाही, प्रशिक्षण नाही. दार उघडलं. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. त्या घरात आजही कुरबूर आहे आणि आम्हाला तिथं पुन्हा पुन्हा जावं लागतं. पण त्या रात्री मी रजिस्टरमधला तो शब्द खोडला आणि "फिरायला गेलो" असं लिहिलं.

अहिल्याबाई १७२५ साली आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मल्या. काशीपासून सोमनाथापर्यंत त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा, मंदिरं बांधली, वाटसरूंची सोय केली. त्यांच्या नावाच्या शहरात बाईला निर्धास्तपणे पाणी पिऊन दिवसभर हिंडता येत नसेल, तर ते नाव पाटीवरच राहिलं.

म्हणून प्रत्येक गटाकडे माझं तीन गोष्टींचं मागणं आहे. पुढच्या बैठकीत विचारा, कुणाचं ओळखपत्र कुणाजवळ आहे. आणि ते जिचं तिच्या हातात येईपर्यंत तो विषय सोडू नका. दुसरं, जिथं माणसं बघायला येतात तिथं बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, असा अर्ज सह्यांनिशी महापालिकेत द्या. आणि तिसरं, तीन महिन्यांतून एक दिवस काही काम नसताना बाहेर पडा. कुणी विचारलं कशाला, तर सांगा, बघायला.

आमची पुढची खेप फराहबागेची आहे. त्या तिघींपैकी दोघींची कार्डं आता त्यांच्या पिशवीत आहेत. तिसरीसाठी आम्ही अजून तिच्या घरी जातो आहोत.