माळावरचे देऊळ
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. बोलण्याची सवय नाही, तेव्हा चुकेल ते पदरात घ्यावे.

माझा भाचा कॅनडात सास्काचेवान प्रांतात नोकरीस आहे. त्याने मेडस्टोन गावाच्या उत्तरेकडील एका देवळाचा फोटो पाठविला. ओंडक्यांचे लहानसे ख्रिस्ती देऊळ, शेजारी कबरी, पण गाव कुठेच नाही! मी विचारले, "गाव कुठे गेले रे?" तेव्हा हकीगत कळली.

अमेरिकेत १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झाले, आणि लगेच काळ्या लोकांना आगगाडीत वेगळे बसविण्याचा कायदा आला. १९१० साली त्यांचे मतही काढून घेतले. म्हणून त्याच वर्षी काही कुटुंबे कॅनडाच्या या गवताळ माळावर आली. तिथे दहा डॉलर भरून १६० एकर जमीन मिळे. पण तीन वर्षे राहून ती कसून दाखवावी लागे. या लोकांनी पॉप्लरची झाडे तोडली, हातांनी ओंडके तासले आणि १९११-१२ च्या सुमारास हे शायलो बाप्टिस्ट देऊळ उभे केले. आणि १९११ सालीच कॅनडाच्या मंत्रिमंडळाने काळ्यांना वर्षभर देशात येण्याची बंदी ठरविली! ती अमलात आली नाही, पण नव्या घरीही दार पुरते उघडे नव्हते.

त्यांच्यात मॅटी मेझ नावाच्या बाई होत्या. जन्म गुलामगिरीतला. यजमान जो हे देवळाचे पहिले धर्मोपदेशक. मॅटीबाई सुईणपण करीत. १९५३ साली त्या वारल्या. तोवर तरुण मंडळी पोटापाण्यासाठी शहरांकडे पांगली होती. घरे गेली, देऊळ तेवढे राहिले. आता ते वारसावास्तू म्हणून जपले आहे.

मला एक गोष्ट लागून राहिली. ती सरकारी जमीन, लहान मुलांचे कुटुंब एकटीने चालविणाऱ्या, बहुधा विधवा असलेल्या बाईखेरीज इतर बाईला आपल्या नावावर मागताच येत नसे. राबल्या दोघेही, पण कागदावर एकटा पुरुष.

दूरच्यांना कशाला हसावे? आपली ही खोली मूठ मूठ धान्य साठवून बांधली. पावत्या मात्र यजमानांच्या नावे फाडल्या. त्या वेळच्या दोघी आज आपल्यात नाहीत, आणि वहीत त्यांचे नावही नाही. गावे उठतात, मंडळेही मोडतात. भिंत राहते, ती कोणी बांधली ते लिहिले तरच राहते.

म्हणून माझी विनंती एवढीच, की आज घरी जाण्यापूर्वी त्या दोघींची नावे वहीत पहिल्या पानावर लिहावी. मग आपापली लिहावी, स्वतःच्या हाताने.