धक्क्यावरची वीज कोण सांभाळणार?



मी वायरमन आहे. रत्नागिरीकडच्या खाड्यांवर कामं करतो. आज धक्क्यावरच्या विजेबद्दल बोलतो.

धक्का बांधताना आपण वर्गणी काढतो, दिवे लावतो, बॅटरी चार्ज करायला, ग्राइंडर चालवायला सॉकेट बसवतो. पुढे त्या बोर्डाकडे कोण बघतं? खाऱ्या हवेत स्क्रू गंजतात, अर्थिंगचे जोड सुटतात, होडीला घासून केबल सोलते.

“एमसीबी आहे ना, मग भीती कसली?” असं मला नेहमी विचारतात. 16 अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचे स्नायू आखडायला त्याचा हजारावा भागही पुरतो. तेवढ्याने एमसीबी पडत नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. वीज गळायला लागली की तो क्षणात लाइन तोडतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबूनही तो पडला नाही, तर सॉकेट बंद ठेवून वायरमनला बोलवायचं.

आपण समजतो, खारं पाणी जास्त धोक्याचं. पण खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, बरीचशी शरीराला वळसा घालून जाते. गोड्या पाण्यापेक्षा आपलं शरीर चांगलं वाहक असतं, म्हणून तिथे ती शरीरातून जाते. पावसाळ्यात खाडीच्या वरच्या अंगाला पाणी गोडं होतं, आणि पोरं धक्क्यावरून उड्या मारतात. शॉक बसलेला पोहणारा हातपाय हलवू शकत नाही. लोकांना वाटतं, दम लागून बुडाला.

अशा वेळी पट्टीचा पोहणारा आधी उडी घेतो आणि तोही अडकतो. म्हणून क्रम पाठ करा: आधी मेन स्विच बंद, मग दोर किंवा रिंग फेका. स्वतःला पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर शिडी धरू नका; धक्क्यापासून लांब पोहत जा.

वीज असलेल्या धक्क्याजवळ पोहायचंच नाही, हे उत्तम.

तुमच्यातल्या दोघांनी जबाबदारी घ्या. महिन्याच्या पहिल्या जुम्याला, नमाजनंतर धक्क्यावर जा. बटण दाबा, केबल बघा, तारीख वहीत लिहा. मेन स्विच कुठे आहे ते मोठ्या अक्षरांत रंगवा. पाच मिनिटांचं काम आहे. ते करायला कुणाच्या मंजुरीची वाट बघू नका.