तिथी आणि हजेरीपट

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षे मातृभाषेतून अखंड विद्यादान करणाऱ्या या शाळेला प्रथम वंदन करतो. गेली अनेक वर्षे माझे वास्तव्य जयपुरात आहे. 'मुलांसाठी आणि कुटुंबासाठी पाळले जाणारे दिन' हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा मी तो जयपूरच्या अंगणातूनच मांडायचे ठरवले.

शाळेच्या दिनदर्शिकेत अशा दिनांना तोटा नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा बालिका दिन, २४ जानेवारीला राष्ट्रीय बालिका दिन, १४ नोव्हेंबरला बालदिन. २० नोव्हेंबर हा जागतिक बालदिन. १९८९ मध्ये याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करारनामा स्वीकारला आणि १९९२ मध्ये भारताने तो मान्य केला. फलकावर सुविचार लिहिला जातो, प्रभातफेरी निघते, वक्तृत्वस्पर्धा होते. हे सारे चांगलेच आहे. परंतु यांतील प्रत्येक दिनाची आठवण परिपत्रक काढून करून द्यावी लागते. सणाचे तसे नसते. सणाला परिपत्रक लागत नाही. तो घराघरांत आपल्या पावलांनी येतो.

जयपुरात होळीच्या दुसऱ्या दिवसापासून मुली आणि सुवासिनी गणगौरीची पूजा मांडतात. चैत्र शुद्ध तृतीयेला त्रिपोलिया दरवाजातून गौरीची शाही मिरवणूक निघते. गंमत अशी, की तेथे गौरीला निरोप देण्याची वेळ येते, त्याच तृतीयेला आपल्याकडे चैत्रगौर झोपाळ्यात बसते. पुढे महिनाभर हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे. वैशाख शुद्ध तृतीयेला आपण तिची बोळवण करतो. ती तिथी म्हणजे अक्षय्य तृतीया.

आपल्या मनात ही तिथी पितरांच्या तर्पणाशी, पाण्याने भरलेल्या मातीच्या घटाशी आणि आमरसाच्या वाटीशी जोडलेली आहे. राजस्थानात तिला आखा तीज म्हणतात आणि तेथे ती 'अबूझ सावा' समजली जाते. सावा म्हणजे लग्नाचा मुहूर्त. अबूझ म्हणजे ज्यासाठी ज्योतिषाला विचारावे लागत नाही असा. या एका समजुतीने पिढ्यान्‌पिढ्या अनर्थ केला. मोठ्या बहिणीचे लग्न ठरले, मांडव पडला, आचारी आला, की त्याच खर्चात धाकट्या दोघींनाही बोहल्यावर बसवावयाचे. पाठवणी मागाहून होईल, पण गाठ आजच बांधून टाकावयाची. अशा घरात मुलीच्या भवितव्याचा निर्णय तिच्या वयावर नव्हे, मांडवाच्या खर्चावर ठरत होता.

हे थांबवण्याचा पहिला देशव्यापी कायदाही राजस्थानच्याच एका सुपुत्राने आणला. अजमेरचे हरबिलास सारडा यांचे विधेयक १९२९ मध्ये संमत झाले आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आले. आपण त्याला 'शारदा कायदा' म्हणतो. देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ पासून मराठी मनात इतके रुजले होते, की कायद्याचे नाव त्या नायिकेवरूनच पडले, असे आजही अनेकांना वाटते. नाव सारडांचे, पण ते ऐकताच मराठी माणसाला शारदा आठवावी, हेही अर्थपूर्णच. त्या कायद्यात मुलीचे किमान वय १४ होते. १९७८ मध्ये ते १८ झाले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात तर अक्षय्य तृतीयेचा नावानिशी उल्लेख आहे. अशा दिवशी होणारे सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी खुद्द जिल्हादंडाधिकाऱ्याला प्रतिबंधक अधिकारी मानावे, असे तो सांगतो. एका तिथीला कायद्याच्या कलमात जागा मिळावी, यावरून सणाचे सामर्थ्य ध्यानात येईल.

या कामाची किंमतही मोजावी लागली आहे. जयपूरपासून फार दूर नसलेल्या भटेरी गावच्या भंवरी देवी शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करीत होत्या. १९९२ मध्ये एका तान्ह्या मुलीचे लग्न रोखण्यासाठी त्या पुढे झाल्या आणि त्याच वर्षी त्यांच्यावर अमानुष अत्याचार झाला. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा निकाल दिला. आज कार्यालयांतून काम करणाऱ्या आपल्या लेकींना जे संरक्षण आहे, त्याचे मूळ त्या निकालात आहे.

हे सारे दूरच्या वाळवंटातले, असे कोणी म्हणेल. त्याने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहावेत. वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी लग्न झालेल्या, २० ते २४ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण राजस्थानात २०१५-१६ मध्ये ३५.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २५.४ वर आले. महाराष्ट्रात ते २६.३ वरून २१.९ झाले. म्हणजे ज्यांना आपण मागासलेले म्हणतो, त्यांनी दहा टक्क्यांचा पल्ला गाठला आणि आपण साडेचारांवर थांबलो. तेथे आखा तीज जवळ आली, की नियंत्रण कक्ष उघडतात. पत्रिका छापणारे, आचारी, मांडववाले, बँडवाले आणि पुरोहित या सर्वांना ताकीद दिली जाते. म्हणजे जागृती सणाच्या दारातच जाऊन उभी राहते. आपल्याकडे ऊसतोडणीला जाणारे आईबाप वयात आलेल्या मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवावे या चिंतेने तिचे लग्न उरकतात, आणि आपण नोव्हेंबरात बालदिन साजरा करतो.

मुद्दा येथेच आहे. आपली वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपते आणि घंटा पुन्हा जूनमध्ये वाजते. लग्नसराईचा भर नेमका या सुट्टीत येतो. म्हणजे मुलीला शाळेची सर्वांत अधिक गरज असते, तेव्हा शाळेला कुलूप असते. शिक्षणहक्क कायद्याचे कवचही चौदाव्या वर्षापर्यंतचे, साधारण आठवीपर्यंतचे. चौदा ते अठरा ही चार वर्षे उघडी पडतात.

म्हणून या हीरकमहोत्सवी वर्षात आणखी एका दिनाची भर घालू नये, अशी माझी विनंती आहे. त्याऐवजी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, सुट्टीपूर्वीच्या अखेरच्या पालकसभेत आठवी, नववी आणि दहावीतील प्रत्येक मुलीच्या पालकांशी पुढील वर्गाविषयी बोलावे, आणि अडचणीच्या वेळी १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मुलींना तोंडपाठ असावा. दुसरी, जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी पुष्पगुच्छांआधी हजेरीपट वाचावा. जे नाव पुकारूनही उत्तर येणार नाही, त्या घरी त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांसह एखाद्या माजी विद्यार्थिनीने जावे. तिची अडचण फीची असेल, वसतिगृहाची असेल वा एस.टी.च्या पासाची असेल. ती भागवण्याइतकी संपन्नता या सभागृहात खचित आहे.

अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. त्या तिथीला दिलेले दान संपत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. मुलीच्या हाती दिलेल्या पाटीपुस्तकाइतके हे वर्णन दुसऱ्या कोणत्या दानाला शोभते, याचा विचार आपण सर्वांनी करावा, एवढीच प्रार्थना. जूनच्या पहिल्या दिवशी या शाळेतील प्रत्येक मुलीच्या तोंडून 'हजर' हा शब्द ऐकू येवो, अशी शुभेच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.