खाऱ्या वाऱ्यावर पंधरा मिनिटं

श्रोतेहो, शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनीच खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले आहेत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. फरक स्पष्ट करा, गुण चार. आमच्या चांदूर बाजारच्या वर्गात हे उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असे आणि वर्गातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नसे. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर आमच्या गावापासून जवळचा समुद्र 500 किलोमीटरच्या पुढे आहे. उत्तरेला सातपुडा, भोवताली संत्र्याच्या बागा, तूर आणि कपाशी, ही आमची दुनिया. खारं म्हणून आम्हाला ठाऊक ते खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी. पुढे गझला वाचायला लागलो तेव्हा ‘मतलई’ या शब्दात माझ्या कानाला ‘मतला’ ऐकू यायचा. त्या धड्याशी तेवढंच नातं उरलं होतं.

हे खारे वारे मला खऱ्या अर्थानं भेटले ते जानेवारी 2023 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, गोव्यात. पेडणे तालुक्यातल्या केरीच्या पठारावरून मी त्या वाऱ्यावर पंधरा मिनिटं उडालो. पॅराग्लायडिंग म्हणतात तो प्रकार. तोही जोडीनं, म्हणजे पुढे मी बांधलेला आणि माझ्या पाठीशी पायलट.

मुलगी तेव्हा पणजीला नोकरीत होती. तिच्याकडे गेलो असताना तिनंच हा विषय काढला. माझ्या पत्नीचं मत स्पष्ट होतं. “जिना चढताना यांचा गुडघा बोलतो, आणि हे निघाले आकाशात!” मुलगी म्हणाली, “अब्बा, आयुष्यभर कवितेत वारा वापरलात, एकदा प्रत्यक्ष पाहून तर घ्या.” हा टोला बरोबर जागी बसला.

आधी हे यंत्र काय आहे ते सांगतो. यंत्र म्हणणंही चुकीचंच, कारण त्यात इंजिन नाही, काठी नाही, सांगाडा नाही. नायलॉनच्या पातळ कापडाचे दोन थर, त्यांच्यामध्ये शिवलेले कप्पे आणि खाली लोंबणाऱ्या बारीक, पण मजबूत दोऱ्या. कप्प्यांची तोंडं पुढच्या बाजूनं उघडी असतात. त्यातून वारा आत शिरतो आणि उशीच्या अभ्र्यात हवा भरावी तसा तो कापडाचा ढीग फुगून पंख होतो. दोघांना उचलणारा पंख साधारण 40 चौरस मीटरचा, म्हणजे एखाद्या दोन खोल्यांच्या घराएवढा. पण घडी घातली की पाठीवरच्या पिशवीत मावतो. असे कप्प्यांचे पंख अमेरिकेत डॉमिना जॅल्बर्ट यांनी 1960च्या दशकात तयार केले. पुढे 1978 साली फ्रान्समधल्या मियुसी या डोंगराळ गावात काही छत्रीधारी उडीवाल्यांनी विमानाचा खर्च वाचवण्यासाठी डोंगराच्या उतारावरूनच धावत उडी घेतली. या खेळाची सुरुवात तिथली मानतात. म्हणजे याच्या मुळाशी काटकसर आहे. वऱ्हाडी माणसाला हे ऐकून बरं वाटतं.

आपल्याकडे लोणावळ्याजवळचं कामशेत यासाठी प्रसिद्ध आहे, हिमाचलातल्या बीड बिलिंगला तर जगभरचे लोक येतात. केरीची गोष्ट वेगळी. हरमल आणि केरी या दोन किनाऱ्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचं एक पठार आहे, त्याचा कडा थेट समुद्रावर उतरतो. फार उंच नाही. आमच्या चिखलदऱ्यापुढे तो ओटाच म्हणायचा. मग एवढ्याशा उंचीवरून माणूस पंधरा मिनिटं वर राहतो कसा? इथे तो शाळेतला धडा कामी येतो. दुपारपर्यंत जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा धावत येते. हा खारा वारा कड्यावर आपटतो, त्याला पुढे वाट नसते, म्हणून तो वर चढतो. कड्याला लागून वर जाणाऱ्या हवेचा एक पट्टाच तयार होतो. पायलट त्या पट्ट्यातून कड्याच्या कडेकडेनं फेऱ्या मारत राहतो. नाक्यावरच्या घारी हेच करतात, फक्त त्यांना कोणी तिकीट विचारत नाही.

मुलीसोबत मी पठारावर पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आमचा पायलट हिमाचलकडचा, तिशीतला, कमी बोलणारा. मुलीनं त्याला वकिलासारखे प्रश्न विचारले. किती वर्षं उडतोस? दोघांना घेऊन उडायचं प्रशिक्षण घेतलंस का, कागद दाखव. जादा छत्री आहे का, म्हणजे मोठा पंख दगा देईल तेव्हा उघडायची? उतरणार कुठे? त्यानं सगळ्याची उत्तरं दिली, कागद दाखवला, छत्रीची पिशवी दाखवली. मग माझं वजन विचारलं. आणि मग तो बांबूला बांधलेल्या कापडाच्या पट्टीकडे बघत उभा राहिला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पट्टी सरळ आडवी ताणलेली होती. त्यानं समुद्राकडे बोट दाखवलं. दूरवर लाटांचे माथे पांढरे फुटत होते. म्हणाला, “आज नहीं, चाचा. कल देखेंगे.”

आमच्या मागे एक गृहस्थ कुटुंबासह उभे होते. त्यांचं रात्रीचं विमान होतं. त्यांनी वाद घातला, दुप्पट पैसे देऊ केले. पायलटनं मान हलवली आणि पंख पिशवीत भरायला घेतला. हवा छान, ऊन स्वच्छ, समुद्र निळा आणि हा बाबा नाही म्हणतो, हे त्या गृहस्थांना पटेना. खरं सांगायचं तर मलाही कळेना. मी कारण विचारलं तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. पंखाचा स्वतःचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास असतो. समोरून वारा 15 ते 25च्या वेगानं आला तर पंख वाऱ्याला कापत पुढे सरकतो. वारा पंखाच्या वेगाइतका झाला की पंख जागीच लटकतो. त्याहून वाढला की माणूस तोंड समुद्राकडे करून मागे मागे ढकलला जातो, कड्याच्या पलीकडे. आणि कड्याच्या पाठीमागे वारा सरळ नसतो. नदीतल्या दगडामागे पाणी जसं गरगरतं, तशी तिथे हवा गरगरते. तिथे पंख मिटतो.

हे ऐकताना मला माझे वडील आठवले. आमचं थोडं कोरडवाहू वावर होतं. घरात आम्ही उर्दू बोलायचो, पण खळ्यावर वडलांची भाषा वऱ्हाडीच. ज्वारीची मळणी झाली की उपणणी असे. वडील तिवईवर टोपलं घेऊन चढत आणि तसेच थांबून राहत. आम्ही पोरं कंटाळायचो. वारा कमी असला तर दाणा आणि कुटार एकाच ढिगात पडतं. वारा जास्त झाला तर कुटारासोबत दाणाही उडून जातो. वडील गालावर वारा तोलायचे आणि कधी कधी तास-दीड तासानं भरलं टोपलं घेऊन खाली उतरायचे. “वारं धड नाही. आज राहू द्या.” मजूर लावलेले, रोज चढलेला, तरी राहू द्या. वर्षाची कमाई एका दिवसाच्या घाईत उधळायची नसते, एवढाच त्यांचा हिशेब होता. केरीच्या पठारावरचा तो तरुण पंख गुंडाळत होता, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मला तोच हिशेब दिसला. आणि खरं सांगतो, याच्याबरोबर उडायचं हे माझं त्याच क्षणी ठरलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी हलकी फडफडत होती. त्यानं मला खोगिरासारखं आसन चढवलं, पायांचे पट्टे आवळले, छातीचा पट्टा लावला, हेल्मेट घातलं. मग प्रत्येक कडीला हात लावत मोठ्यानं मोजलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मला एकच सूचना होती. “दौड़ते रहना. बैठना मत.” माणसाची नेमकी हीच चूक होते म्हणे. पाय जरा हलके झाले की त्याला वाटतं उडालो आणि तो बसायला जातो. मग दोघंही दगडावर.

मागे कापड सळसळलं, खांद्यांना ओढ बसली, पंख डोक्यावर आला. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि धावलो. चार पावलं, पाच पावलं, आणि सहावं पाऊल कशावर पडलंच नाही. मी हवेतच धावत राहिलो. मागून आवाज आला, “बस, चाचा, अब बैठो.”

वर गेल्यावर कसं वाटलं, असं सगळे विचारतात. मला वाटलं होतं, पोटात गोळा येईल. तसं झालं नाही. झोक्यासारखी हलकी हालचाल, दोऱ्यांमधून वाऱ्याची बारीक शिटी आणि खाली तांबडा जांभा. कड्याच्या उतारावर झुडपं, पुढे केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं. उत्तरेला तेरेखोलची नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी दोन रंगांचं दिसत होतं. नदीपलीकडच्या टेकडीवर तेरेखोलचा किल्ला. हा किल्ला सावंतवाडीकरांचा. 1746 साली तो पोर्तुगीजांनी घेतला आणि 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला. वरून तो एखाद्या पेटीएवढा दिसला. मधल्या नदीच्या अलीकडे आणि पलीकडे काहीच फरक दिसत नव्हता.

एक गोष्ट मी नीट पाहिली. फेरी संपली की पायलट वळण घ्यायचा ते नेहमी समुद्राच्या बाजूला, कड्याच्या बाजूला कधीच नाही. मी विचारलं तर म्हणाला, हा नियमच आहे. डोंगराकडे वळलं आणि वाऱ्यानं ढकललं तर सावरायला जागा उरत नाही. जमीन जवळ दिसली की आपल्याला सुरक्षित वाटतं. उडणाऱ्याची सुरक्षितता मात्र मोकळ्या जागेत असते. एक घार आमच्या बरोबरीनं आली, हातभर लांबून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या वाटेनं गेली. शेवटी आम्ही केरीच्या वाळूवर उतरलो. मुलगी धावत आली. माझे हात थरथरत होते, पण भीतीनं नाही. इतक्या वेळ मी पट्टे घट्ट धरून ठेवले होते.

श्रोतेहो, ही गोष्ट मी एवढ्यावरच थांबवली असती. पण 18 जानेवारी 2025 रोजी त्याच केरीच्या पठारावरून जोडीनं उडालेली पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट दरीत कोसळून मरण पावले. संबंधित कंपनीजवळ परवाना नव्हता असं पोलिसांनी सांगितलं, मालकावर गुन्हा दाखल झाला. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. त्याच कड्यावरून, तशाच दोऱ्यांवर मी लटकलो होतो. ती मुलगी माझ्या मुलीच्या वयाची होती. आणि तो पायलटही कुणाच्या तरी घरचा कमावता पोरगा होता.

मग लोक दोन टोकांनी बोलतात. एक म्हणतात, नशीब. दुसरे म्हणतात, कशाला जायचं असल्या फंदात. मला दोन्ही पटत नाही. नशीब म्हणून सोडून दिलं तर दोऱ्या कुणी तपासायच्या? आणि कशाला जायचं म्हटलं तर माणूस कुठेच जाणार नाही, विहिरीतसुद्धा उतरणार नाही. महाराष्ट्र सरकारनं 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरचे खेळ त्यात येतात आणि ते चालवणाऱ्यांनी नोंदणी करावी अशी अपेक्षा त्यात आहे. कागद हवाच. आपण हॉटेलात पनीर ताजं आहे का विचारतो, मग जीव ज्याच्या हाती द्यायचा त्याला परवाना, प्रशिक्षण आणि जादा छत्री विचारायला लाज कसली? पण कागद पठारावर उभा राहून वारा बघत नाही. तो माणसालाच बघावा लागतो. आणि तिथे त्या माणसावर सगळ्यात मोठा दाब आपला, गिऱ्हाइकांचा असतो. आमचं विमान आहे, आम्ही लांबून आलो, आम्ही पैसे मोजले. नाही म्हटलं की त्याची त्या दिवसाची रोजी बुडते, आणि शेजारचा हो म्हणायला तयार असतो.

म्हणून माझी तुम्हाला एक विनंती आहे. कामशेतला जा, बीड बिलिंगला जा, जिथे रीतसर परवानगी असेल तिथे जा. एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवून जा. आणि पहिल्या दिवशी पायलटनं पट्टीकडे बघून तुम्हाला परत पाठवलं तर रागावू नका, दुप्पट पैशांचं आमिष दाखवू नका. त्याचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच जा.