केंसाएवढी चीर
[नभोवाणीवरून केलेलें भाषण]

पस्तीस वर्षें मीं प्राथमिक शाळेंत मुलांच्या पाट्या तपासल्या. चूक कोठें आहे तें नेमकें बोट ठेवून दाखवावयाचें, पण पोराला खजील करावयाचें नाहीं, एवढें एक कसब त्या धंद्यानें मला शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. यंत्रशास्त्रांत माझी गति नाहीं. तरी आज मी आपल्याशीं एका यंत्राविषयीं बोलणार आहें. कारण तें यंत्र माझें होतें, नवें होतें, सदोष होतें, आणि त्याच्यावर माझा नातू बसणार होता.

२०२४ सालच्या दिवाळींत मीं विजेची डोंगरी सायकल विकत घेतली. सहासष्टाव्या वर्षीं हें खूळ कशाला, असें घरच्यांनीं विचारलें. आमचें सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं वसलेलें. येथें सपाट रस्ता म्हणजे दोन चढांमधली विश्रांति. नोकरींत असतांना वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना मी साध्या सायकलीवरूनच गेलों. पुढें गुडघे कुरकुर करूं लागले, आणि सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. या नव्या सायकलीच्या मागच्या चाकांत लहानशी मोटर असते. आपण पायडल मारलें म्हणजे ती हातभार लावते. वेग वाढला म्हणजे हात आंखडता घेते. मोटरची शक्ति २५० वॅट व वेग ताशीं २५ किलोमीटर या मर्यादांच्या आंत असल्यास आपल्याकडे तिला नोंदणी किंवा चालकाचा परवाना लागत नाहीं. किंमत १,१८,००० रुपये. निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेंतून बाजूला ठेवलेले पैसे त्यांत गेले. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. चौथींत असतांना त्याचें गणित कच्चें, पण हात मोठा कसबी. त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूंत खोट निघेल ही शंकाहि मनाला शिवली नाहीं.

'डोंगरी' या विशेषणाविषयीं दोन शब्द सांगतों, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. ही जात फार जुनी नव्हे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील माउंट टॅमलपाइस या डोंगराच्या वाटांवरून १९७० नंतरच्या वर्षांत कांहीं हौशी तरुण जुन्या, जड सायकली भरधांव सोडीत. १९७७ सालीं जो ब्रीझ नांवाच्या कारागिरानें खास याच कामासाठीं नवी फ्रेम घडविली. पुढच्या चिमट्यांत धक्का गिळणारी जी रचना असते, जिला सस्पेन्शन म्हणतात, ती या सायकलींवर १९९० च्या सुमारास रुळूं लागली. सारांश, दगडधोंड्यांतून जाण्यासाठींच हिचा जन्म आहे.

पहिल्याच महिन्यांत पुढचा ब्रेक दाबला कीं हँडलखालून 'टक्' असा आवाज येऊं लागला. दुकानीं गेलों. "गुरुजी, चिमट्यांतली हवा कमी-जास्त झाली असेल," असें उत्तर मिळालें. हें अगदींच निराधार नव्हतें. चिमट्याच्या आंतल्या नळीवर रबराचें एक बारीक कडें असतें. तें खालीं सारावें, सायकलीवर अलगद बसावें, उतरावें, आणि नळी किती आंत गेली तें कड्यावरून मोजावें. चिमटा १०० मिलिमीटर दबणारा असेल तर नुसत्या बसण्यानें तो २० ते ३० मिलिमीटर दबावा. कमी दबला तर हवा फार, जास्त दबला तर हवा थोडी. माझें माप २४ आलें. हवेवर आळ घेण्यास जागा उरली नाहीं.

मग आवाज कोठला? येथें पाटी तपासण्याची संवय उपयोगीं पडली. पुढचा ब्रेक आवळून सायकल पुढें-मागें हलवावी आणि मोकळ्या हाताचें बोट एकेका सांध्यावर ठेवावें. ब्रेकच्या पॅडांचा थोडासा हलकावा निराळा ओळखून सोडून द्यावा. हँडलखालच्या कटोरीपाशीं बोटाला हिसका जाणवला, तर छर्ऱ्यांचा सांधा सैल आहे. तो आवळतां येतो. आंतली नळी बाहेरच्या नळींत जेथें शिरते तेथें हिसका जाणवला, तर आंतले बुश ढिले आहेत. तें वैगुण्य आवळून जात नाहीं. माझ्या बोटाला हिसका बसला तो या दुसऱ्या जागीं.

बुश बदलून घेऊं, असें म्हणत मीं आणखी कांहीं आठवडे काढले. जानेवारी २०२५ मध्यें एके सकाळीं सायकल पुसतांना दुसरी गोष्ट दिसली. या सायकलीची बॅटरी फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीच्या पोटांत बसते. तिच्यासाठीं नळीला लांबट खिडकी कापलेली असते. त्या खिडकीच्या वरच्या कोंपऱ्यांतून हँडलकडील जोडाच्या रोखानें एक काळी रेघ गेली होती. केंसाएवढी बारीक, नखाएवढी लांब. ओल्या फडक्यानें ती निघेना. मीं बारीक लेखणीनें तिच्या टोंकाशीं खूण केली, शेजारीं तारीख घातली, आणि पुन्हां दुकान गांठलें.

"रंगाला तडा गेलाय, गुरुजी. नव्या गाड्यांना होतो कधीं कधीं."

त्यानें भिंग न लावतांच निकाल दिला, आणि मींहि तो निमूटपणें मानला. कारण मला तोच निकाल हवा होता. लाखाची वस्तु तीन महिन्यांत निकामी झाली हें कबूल करण्यापेक्षां रंग फुटला हें कबूल करणें सोपें जातें. त्याच सायकलीवर बसून मी घरीं आलों. अंगणांत येऊन पाहतों तों रेघ खुणेच्या पुढें तिळाएवढी सरकलेली! रंगाचा तडा असा चालत नाहीं. ती स्वारी हा माझा शुद्ध मूर्खपणा होता. अशी परीक्षा कोणींहि करूं नये.

येत्या रविवारीं नातू यवतेश्वरचा घाट या सायकलीनें उतरणार होता. मीं त्याला तसा शब्द दिला होता. मीं बॅटरी काढली आणि तिची किल्ली कपाटांत ठेवली. "आजोबा, मी अगदीं हळू जाईन," असें त्यानें पुनःपुन्हां विनविलें. मी बधलों नाहीं. दोन दिवस तो माझ्याशीं बोलला नाहीं.

केंसाएवढ्या रेघेचा एवढा बाऊ कशाला, असें आपणांसहि वाटेल. धातु एका मोठ्या घावानें मोडतो हें सर्वांस ठाऊक असतें. लहान लहान असंख्य ताणांनीं तो थकतो हें सहसा ध्यानांत येत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत ऑगस्ट व्होलर यानें आगगाडीच्या आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग करून हें दाखवून दिलें. पुढें विमानांनीं तोच धडा फार महाग देऊन शिकविला. ब्रिटिशांचें कॉमेट हें प्रवासी वाहतुकीस लागलेलें पहिलें जेट विमान. १९५४ च्या जानेवारींत एक आणि एप्रिलांत दुसरें कॉमेट आकाशांत फुटून भूमध्य समुद्रांत पडलें. तेव्हां फार्नबरो येथें एक सबंध विमान पाण्याच्या टाकींत ठेवून त्याच्या पोटांत पुनःपुन्हां दाब भरण्यांत आला. शेवटीं त्याचा पत्रा फाटला तो खिडकीसारख्या कापाच्या कोंपऱ्यापाशीं. जेथें अखंड वस्तूला काप दिला, तेथें कोंपऱ्यांत ताण गोळा होतो. आपल्या शिंप्याला ही विद्या उपजतच आहे: सदऱ्याच्या बाजूच्या कापाच्या टोंकाला तो आडवी टीप घालतो, कारण कपडा तेथूनच फाटूं लागतो.

माझ्या सायकलीची चीर अशाच एका कोंपऱ्यांत उगवली होती. त्यांत विजेच्या सायकलीचें वजन मोटर व बॅटरी धरून वीस-पंचवीस किलो. पुढचा ब्रेक लागला कीं हें ओझें स्वारासकट पुढें झुकतें आणि चिमट्यामार्फत याच जोडावर येतें. चिमट्याचे बुश ढिले असले तर तें नुसतें येत नाहीं, हातोडीसारखें आदळतें. म्हणजे दोष दोन खरे, पण एक दुसऱ्याला खतपाणी घालणारा. शिवाय पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीहि वेळां सोसतां येतो. अल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाहीं. म्हणूनच सायकलींच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत फ्रेमवर पायडलाच्या जोराचीं १,००,००० आवर्तनें करून पाहतात, आणि त्यानंतरहि तिला तडा दिसतां कामा नये असा दंडक आहे. माझी सायकल तीन महिन्यांची होती.

मी पुन्हां दुकानीं गेलों आणि खुणेवर बोट ठेवलें. शिष्याचा चेहरा उतरला. "वेल्डिंग करून देतों, गुरुजी. वरून रंग देतों. कळणार सुद्धां नाहीं." कळणार नाहीं, हीच तर भीति! अशा फ्रेमचें अल्युमिनियम बहुधा भट्टींत तापवून, झटकन् थंड करून, पुन्हां मंद आंच देऊन कणखर केलेलें असतें. जोडकामाच्या उष्णतेनें शेजारचा भाग मऊ पडतो. सबंध फ्रेम पुन्हां त्या संस्कारांतून काढल्याशिवाय तें बळ परत येत नाहीं. चीर झांकली जाते, अशक्तपणा राहतो.

याच सुमारास एक मोह समोर आला. आमच्या गल्लींतला एक नोकरदार तरुण साठ हजार रुपये रोख देऊन सायकल घ्यावयास तयार झाला. त्यानें हँडल हातांत धरून पाहिलें; खालीं वांकून पाहिलें नाहीं. मीं "उद्यां सांगतों" म्हटलें. तें 'उद्यां' माझ्या तोंडून आलेंच कसें, या विचारानें रात्रभर झोंप लागली नाहीं. नातवासाठीं किल्ली कपाटांत ठेवणारा मी, दुसऱ्याच्या मुलाला तीच सायकल विकावयास निघालों होतों. सकाळीं त्याला बोलावून मीं चीर दाखविली. तो मुकाट्यानें निघून गेला.

मग मीं कागद पुढें ओढला. "कंपनी आम्हां दुकानदारांचें ऐकत नाहीं; तुम्ही लिहा, गुरुजी," असें शिष्यानेंच सुचविलें होतें. पत्र एक पानाचें. बिलाचा क्रमांक व तारीख, पायडलाच्या आंसाखालीं फ्रेमवर ठोकलेला क्रमांक, आवाज प्रथम केव्हां आला, हवेचें माप, शेजारीं पट्टी ठेवून काढलेलीं चिरेचीं दोन छायाचित्रें, आणि शेवटीं मागणी: फ्रेम व चिमटा बदलून द्या, नाहीं तर पैसे परत करा. 'लुबाडणूक' हा शब्द मीं दोनदां लिहिला आणि दोनदां खोडला. शिवीला उत्तर देणें सोपें असतें, मापाला देणें अवघड.

उत्तर आलें कीं खडबडीत रस्त्यावर चालविल्यानें झालेली हानि हमींत बसत नाहीं. डोंगरी सायकल डोंगरावर नेली, हा माझा अपराध ठरला!

तेव्हां मीं कायदा वाचला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सालचा. तो जुलै २०२० पासून अमलांत आला. वस्तूविषयीं विकणारा जो दावा करतो त्या दर्जाला वस्तु उतरली नाहीं, तर तीहि उणीव 'दोष' या व्याख्येंतच येते. तक्रार दोन वर्षांच्या आंत, आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगापुढें करतां येते. किंमत पांच लाखांपर्यंत असेल तर तिला शुल्क नाहीं. जरूर वाटल्यास आयोग वस्तु प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवितो, आणि दोष काढून देण्याचा, वस्तु बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा हुकूम करूं शकतो. त्याआधीं सामोपचारासाठीं १९१५ हा ग्राहकांचा राष्ट्रीय दूरध्वनि आहे. मीं तेथें तक्रार नोंदविली आणि कंपनीला दुसरें पत्र धाडलें. त्याला त्यांच्याच जाहिरातीची प्रत जोडली. तिच्यांत हीच सायकल खडकावरून उडी घेत होती.

पहिल्या पत्रापासून ४७ व्या दिवशीं निरोप आला: फ्रेम व चिमटा नवे मिळतील, जुनी फ्रेम दुकानदारानें कापून निकालांत काढावी. शिष्यानें माझ्यासमोर करवत चालविली. तुकडा हातांत घेऊन आम्हीं दोघांनीं आंतून पाहिला. बाहेरून नखाएवढी दिसणारी चीर आंतून अंगठ्याएवढी लांब होती, आणि तिच्या कडा काळवंडल्या होत्या. ती कालची नव्हती.

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विक्रीची वही काढली. त्याच नमुन्याच्या सायकली नेलेलीं आणखी दोन गिऱ्हाइकें होतीं. माझ्यादेखत त्यानें दोघांनाहि फोन लावला: "सायकल चालवूं नका. टेंपोंत घालून घेऊन या. भाडें मी देतों." चौथीच्या गणितांत मीं त्याला नापास केलें होतें. हा हिशेब मात्र त्यानें माझ्याहून लवकर सोडविला; मला त्यासाठीं एक रात्र लागली होती.

श्रोतेहो, नवी वस्तु सदोष निघाली तर आपण एक तर संतापतों, नाहीं तर फसलों या लाजेनें गप्प बसतों. दोन्हींत चीर वाढतच राहते. वस्तु आधीं वापरांतून काढावी, नीट पाहावी, मापून लिहावी, आणि लिहिलेलें योग्य ठिकाणीं पोंचवावें. सायकलीपुरतें सांगावयाचें तर महिन्यांतून एकदां ती स्वतःच्या हातानें पुसावी. जोड आणि कोंपरे फडक्याखालून गेले म्हणजे डोळ्यांखालून जातात.

तो कापलेला तुकडा माझ्या टेबलावर आहे. नातू आतां यवतेश्वरचा घाट उतरतो; पण निघण्यापूर्वीं फडकें घेऊन खालीं वांकतो. मला सांगावें लागत नाहीं.